सुरुवातीची अमूर्त चित्रकला: लिहिताना, बघताना आणि नक्कल करताना या चुका टाळा

कला-इतिहासाच्या जर्नलमध्ये, व्याख्यानाच्या स्लाइडवर, समाजमाध्यमांवरच्या माहितीपर पोस्टमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "१९१० मध्ये कांडिंस्कीनं जगातलं पहिलं अमूर्त चित्र काढलं." वासिली कांडिंस्की हा रशियन चित्रकार. या वाक्यातलं साल, 'पहिलं' हा दावा आणि 'अमूर्त' हा शब्द, तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. या विषयावरच्या बहुतेक चुका याच तीन जागी होतात.

साल बघितलं आणि उतरवून घेतलं

ज्या चित्राबद्दल हे बोललं जातं ते पॅरिसच्या पोम्पिदू केंद्र या कला-संग्रहालयाच्या संग्रहात आहे. कागदावर पेन्सिल, जलरंग आणि शाई, आकार साधारण ५० बाय ६५ सेंटिमीटर. त्यावर सही आहे आणि १९१० हे सालही आहे. पण त्यातल्या रेघा आणि डाग १९१३ च्या 'कंपोझिशन ७' या त्याच्या मोठ्या तैलचित्रासाठी केलेल्या जलरंगांशी इतके जुळतात की अनेक अभ्यासक ते १९१३ चंच मानतात. साल नंतर घातलेलं असावं, असं त्यांचं म्हणणं. खुद्द कांडिंस्कीनं १९३०च्या दशकातल्या पत्रव्यवहारात पहिलेपणाचा मान दिला तो वेगळ्याच चित्राला: वर्तुळ असलेल्या, १९११ च्या, आज जॉर्जियातल्या तिबिलिसीत असलेल्या तैलचित्राला.

चित्रकार काझिमिर मालेविचच्या 'काळ्या चौरसा'चंही, म्हणजे पांढऱ्यावरच्या एकाच काळ्या चौकोनाच्या चित्राचंही, तसंच. मागच्या बाजूला १९१३ आहे, कारण त्या साली एका भविष्यवादी (यंत्रयुग आणि वेग यांचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीतल्या) ऑपेराच्या नेपथ्यासाठी केलेल्या रेखाटनांत त्याला या कल्पनेचं बीज दिसत होतं. चित्र मात्र १९१५ चं. लोकांपुढे आलं ते डिसेंबर १९१५ मध्ये, पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) '०,१०' या प्रदर्शनात.

म्हणून टिपणं काढताना प्रत्येक चित्रापुढे तीन रकाने करा: चित्रावर लिहिलेलं साल, अभ्यासकांनी ठरवलेलं साल, पहिल्यांदा दाखवल्याचं साल. तिन्ही जुळली तर उत्तम. नाही जुळली तर 'चित्रावर १९१०, बहुधा १९१३' असं सरळ लिहा. पुस्तकांनाही हाच नियम लावा. कलेतल्या आत्मिक तत्त्वावरचं कांडिंस्कीचं पुस्तक डिसेंबर १९११ मध्ये बाजारात आलं, पण त्यावर १९१२ छापलेलं आहे. दोन लेखांत दोन सालं दिसतात ती यामुळे.

'पहिला कोण' याची शर्यत लावणं

चित्रकार फ्रांतिशेक कुपकानं १९१२ च्या शरद-सालोन या वार्षिक प्रदर्शनात पॅरिसच्या प्रेक्षकांपुढे दोन मीटरहून मोठं 'आमोर्फा' ठेवलं होतं. त्याच वर्षी रोबेर दलोने खिडक्यांच्या मालिकेत रंगाच्या तुकड्यांवर काम करत होता. आणि स्टॉकहोमची चित्रकार हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासूनच 'मंदिरासाठीची चित्रं' करत होती. १९१५ पर्यंत ती १९३ झाली.

हिल्माबद्दल आता दुसऱ्या टोकाची चूक होते: 'तिनं आयुष्यभर कुणालाच काही दाखवलं नाही.' तसं नाही. १९२८ मध्ये लंडनच्या एका आध्यात्मिक परिषदेत यातली काही चित्रं लागली होती. मृत्यूनंतर वीस वर्षं ही कामं उघड करू नयेत, अशी तिची इच्छा होती. ती १९४४ मध्ये गेली, पण मोठ्या कला-संग्रहालयात तिचं काम लागायला १९८६ चं लॉस एंजेलिसचं प्रदर्शन उजाडावं लागलं.

तिची 'दहा सर्वांत मोठी' ही १९०७ ची मालिका नीट बघा. प्रत्येक चित्र साधारण ३.२ मीटर उंच, २.४ मीटर रुंद, कागदावर टेंपेरा (अंड्यासारख्या चिकट माध्यमात कालवलेला रंग). पहिली दोन बालपणाची, पुढची दोन तारुण्याची, मग चार प्रौढपणाची, शेवटची दोन वार्धक्याची. निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व. अक्षरांचेही अर्थ तिनं वह्यांमध्ये लिहून ठेवले आहेत. म्हणजे ही चित्रं वाचायला कोश लागतो. मालेविचच्या चौरसाला असा कोश नाही. तिचं काम आधीचं आहे हे निर्विवाद, पण दोघांना एकाच तराजूत घातलं की दोघांवरही अन्याय होतो.

'अमूर्त' म्हणजे काहीच नसलेलं, असं समजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. मराठीत अमूर्त आणि अप्रतिरूप हे दोन्ही शब्द चालतात आणि सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण वाटा दोन होत्या. एक, दिसणाऱ्या वस्तूपासून निघून तिचं रूप हळूहळू गाळत जाणं. दुसरी, वस्तूशी संबंध न ठेवता आकार आणि रंग यांच्यापासूनच सुरुवात करणं; 'अप्रतिरूप' (नॉन-ऑब्जेक्टिव्ह) हा शब्द हिलाच नेमका लागू होतो.

पहिली वाट समजायला डच चित्रकार मोंद्रियानची झाडं ओळीनं लावा. १९०८ ते १९१० मधलं लाल झाड, १९११ चं करडं झाड, १९१२ चं बहरलेलं सफरचंदाचं झाड. तिसऱ्यात फांद्यांच्या फक्त कमानी उरतात. मग १९१५ चं 'धक्का (बंदराचा) आणि समुद्र' घ्या. पांढऱ्यावर काळ्या छोट्या आडव्या-उभ्या रेघा, अधिकची चिन्हं. पाहणारा म्हणतो, यात काही नाही. खाली मधोमध उभ्या रेघांची गर्दी आहे ना, तो पाण्यात शिरलेला धक्का. भोवतीची आडवी लय म्हणजे लाटा.

कांडिंस्कीच्या चित्रांतही वस्तू लपलेल्या असतात. 'कंपोझिशन ७' समोर गोंधळायला होत असेल तर उलट क्रमानं जा. आधी म्युनिकच्या लेनबाखहाउसमधली त्याची १९११ ची 'सर्व संत' विषयावरची काचेवरची चित्रं बघा. तिथे तुतारी फुंकणारा देवदूत आणि टेकडीवरचं नगर स्पष्ट दिसतं. डोळ्यांत ते ठेवून मोठ्या कॅनव्हासकडे वळा आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात वल्ह्यांच्या समांतर रेघा शोधा. तिथे होडी आहे. प्रलय आणि अंतिम निवाडा हे विषय त्याच्या मनात होते, नावं मात्र त्यानं संगीतातली दिली. बाहेरच्या दृश्याचा ठसा ते 'इम्प्रेशन', आतून अचानक उमटलेलं ते 'इम्प्रोव्हायझेशन', आणि दीर्घ तयारीनं बांधलेलं ते 'कंपोझिशन'. ही वर्गवारी शीर्षकातच आहे. ती न वाचता चित्राबद्दल लिहू नका.

'मनाला येईल तसं फराटे मारले' हा समजही इथेच गळून पडतो. दोन बाय तीन मीटरचं हे चित्र नोव्हेंबर १९१३ मध्ये अवघ्या चार दिवसांत रंगवलं गेलं, पण त्याआधी तीसहून अधिक रेखाटनं, जलरंग आणि तैलरंगातले अभ्यास झाले होते. त्याची सहचरी, चित्रकार गाब्रिएले म्युंटरनं या चार दिवसांत फोटो काढले. चित्र कुठून कसं वाढलं ते त्यांत दिसतं.

छापील प्रतीवरून नक्कल

वर्गात मोंद्रियानची नक्कल दिली की मास्किंग टेप, ट्यूबमधला पांढरा आणि एक दुपार एवढ्यात काम उरकतं. परिणाम टाइल्ससारखा निर्जीव. कारण छपाईत सगळे पांढरे एक होतात आणि कुंचल्याच्या खुणा नाहीशा होतात.

झुरिकच्या संग्रहातलं १९३० चं लाल, निळ्या, पिवळ्याचं कंपोझिशन करायचं असेल तर असं करा. कॅनव्हास ४५ सेंटिमीटरचा चौरस घ्या. मूळ चित्र एवढंच आहे, भिंतभर नाही. रेघांच्या जागा कोळशानं आखा. पांढऱ्याचे किमान तीन पातळ थर द्या, एक उभ्या आणि दुसरा आडव्या हातानं. शेजारच्या दोन पांढऱ्या चौकटींत शेवटचा हात वेगळ्या दिशेनं फिरवा, उजेड दोन्हींवर वेगळा पडेल. रेघा चपट्या कुंचल्यानं ओढा आणि पांढरा तिच्या कडेपर्यंत आणून कड नीट करा. टेप काढला की कडेला रंगाचा उंचवटा राहतो, तो इथे मारक ठरतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर काळ्यात थोडं ग्लॉस मीडियम (चमक आणणारं द्रव) मिसळा, म्हणजे रेघ पांढऱ्यापेक्षा किंचित चमकेल. सगळ्या रेघा एका जाडीच्या करू नका. डावीकडची छोटी आडवी रेघ बाकीच्यांपेक्षा ठळक जाड आहे, आणि उजवीकडच्या लालचं वजन तीच सावरते. १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांतलं चित्र निवडलं असेल तर पांढऱ्यांत निळसर आणि करड्या छटा मिसळा, आणि काही रेघा कडेपर्यंत न नेता आधीच थांबवा.

'काळा चौरस' पट्टीनं आखणं हीसुद्धा चूकच. मूळ चित्र ७९.५ सेंटिमीटरचं, पण आतला आकार काटेकोर चौरस नाही, त्याच्या बाजू कॅनव्हासच्या कडांना समांतर नाहीत. त्या जराशा कललेपणामुळेच तो तरंगतो. त्यावरच्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयानं २०१५ मध्ये तपासणी करून सांगितलं की खाली आणखी दोन रंगीत रचना आहेत. तुमच्याही तैलचित्राला भेगा पडत असतील तर आधी हे तपासा: खालचा लेप पुरता वाळण्याआधी वर दुसरा चढवलात का? दोन्ही थर वेगवेगळ्या गतीनं आकसतात आणि वरचा फाटतो.

थिऑसॉफी आणि भारत: कमी सांगणं, जास्त सांगणं

मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे धर्म आणि गूढविद्या यांचा मेळ घालणाऱ्या संस्थेचा, सभासद झाला, आणि कांडिंस्कीच्या पुस्तकात तिच्या एक संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंचा उल्लेख आहे. हा धागा गाळला तर 'आत्मिक' हा शब्द हवेत लटकतो. याच सोसायटीचं मुख्यालय १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होतं, नंतर मद्रासजवळच्या अड्यारला गेलं. पण एवढ्यावरून 'अमूर्त कला मूळची आपली' असा निष्कर्ष काढू नका. युरोपात पोचले ते भारतीय विचार थिऑसॉफीच्या भाषेत, तिच्या चाळणीतून. शिवाय मालेविचची पार्श्वभूमी निराळी आहे: रशियन भविष्यवादी कवींची अर्थापलीकडची भाषा, आणि घराच्या कोपऱ्यात उंचावर देवाची तसबीर लावण्याची प्रथा. 'काळा चौरस' '०,१०' प्रदर्शनात अशाच कोपऱ्यात टांगला होता.

डिसेंबर १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कलाकारांची कामं कलकत्त्यात लागली, त्यांत कांडिंस्की आणि चित्रकार पाउल क्ले होते. तिथून थेट मुंबईच्या अमूर्त चित्रांपर्यंत रेघ ओढणं घाईचं आहे. नागपुरात जन्मलेल्या, जे.जे.त शिकलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना क्ले जवळचा वाटला. मात्र आपल्या चित्रांना 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणा असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या चित्राखाली ओळ लिहिताना 'अमूर्त'ऐवजी 'अप्रतिरूप' लिहा.