सीमा काढताना ०/० आलं? या चुका टाळा

सीमा काढायची, म्हणजे क्ष एखाद्या संख्येच्या जवळ जाताना पदावली कोणत्या संख्येकडे जाते ते शोधायचं. क्ष ची ती किंमत घातली, ०/० आलं, आणि लगेच उत्तर लिहिलं: कुणी ०, कुणी १, कुणी ‘सीमा अस्तित्वात नाही’. ही घाई नको. ०/० वरून एवढंच कळतं की अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे चालले आहेत. सीमा किती, ते अजून शोधायचंय.

(क्ष² − ९)/(क्ष − ३) घ्या, क्ष → ३ (क्ष ३ कडे जातो). बरेच जण क्ष² ला क्ष ने आणि ९ ला ३ ने भागतात, क्ष + ३ मिळवतात आणि ६ लिहितात. उत्तर बरोबर येतं, म्हणूनच ही चूक घातक आहे. हीच रीत (क्ष³ − २७)/(क्ष − ३) ला लावा: क्ष² + ९, म्हणजे १८. खरं उत्तर २७, कारण अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष² + ३क्ष + ९) आहेत. बेरीज-वजाबाकीतली पदं सुटी सुटी उडवता येत नाहीत. अंश आणि छेद या दोघांचा सामाईक अवयवच उडतो. तोही का उडवता येतो? क्ष ३ च्या हवा तितका जवळ जातो, पण ३ होत नाही, म्हणून क्ष − ३ ≠ ०. हे कारण उत्तरात जरूर लिहा.

वर्गमूळ असेल तर संयुग्मी पदावलीने, म्हणजे मधलं चिन्ह बदललेल्या त्याच पदावलीने, गुणा. (√(क्ष + ४) − २)/क्ष, क्ष → ०: वर-खाली √(क्ष + ४) + २ ने गुणलं की अंशात नुसता क्ष उरतो. छेदातला कंस मात्र सोडवत बसू नका, नाहीतर उडवायचा क्ष दिसेनासा होतो. उत्तर १/४. पडताळायचं तर क्ष = ०.०१ घाला, सुमारे ०.२४९८ येतं.

क्ष → −∞ असताना √(४क्ष² + १)/क्ष ची सीमा २ नाही, −२ आहे. √क्ष² म्हणजे |क्ष|, आणि ऋण क्ष साठी ते −क्ष.

∞ − ∞ म्हणजे ० असंही धरू नका. क्ष → ∞ असताना √(क्ष² + ६क्ष) − क्ष ची सीमा ३ आहे. इथेही संयुग्मीच कामी येते.

आणि (क्ष + ३)/(क्ष − ३) सारखं उदाहरण आलं, तर क्ष → ३ ला ६/० मिळतं. हे ०/० किंवा ∞ − ∞ सारखं अनिश्चित रूप (ज्यावरून सीमा ठरत नाही असं) नव्हे, त्यामुळे अवयव पाडण्यात वेळ घालवू नका. डावीकडून −∞, उजवीकडून +∞, म्हणून इथे सीमा खरोखरच अस्तित्वात नाही.