मुलीसाठी फुलाचं नाव हवंय, पण वर्गात चौघींचं नसेल असं? मग असं शोधा

सायली, जुई, केतकी, प्राजक्ता, शेफाली. फुलाचं नाव म्हटलं की पहिल्या दमात हीच सुचतात. नावं गोडच आहेत, वाद नाही, पण मग बालवाडीत "सायली के" आणि "सायली पी" अशा हाका सुरू होतात. वेगळं हवं असेल तर आधी नेटवरच्या त्या हजार-हजार नावांच्या याद्या बंद करा. तिथे मृणालचा अर्थ कमळाचं फूल म्हणून ठोकून दिलेला असतो (तो देठ आहे हो), पल्लवी म्हणजे पण फूलच, जे काही झाडावर उगवतं ते सगळं फूल.

सुरुवात कॅलेंडरपासून करा, म्हणजे बाळाचा जन्म कुठल्या महिन्यातला आणि तेव्हा तुमच्याकडे काय फुललेलं असतं ते बघा. फेब्रुवारी-मार्चची मुलगी असेल तर पळस पेटलेला असतो, त्याचं संस्कृत नाव किंशुक, त्यावरून किंशुका होतं. तळकोकणातले असाल तर त्याच दिवसांत सुरंगी फुलते, वेंगुर्ल्याकडे पहाटे कळ्या उमलायच्या आत झाडावर चढून तोडतात, फांदीला अगदी चिकटून गुच्छच्या गुच्छ असतात, आणि तो गजरा सुकला तरी वास जात नाही. सुरंगी हे नाव मला तरी फार आवडतं, म्हणायला सोपं, ऐकणारा लगेच "कसलं फूल?" विचारतो आणि सांगायला गोष्ट आहे. पावसाळ्यातली असेल तर सह्याद्रीच्या पठारांवरची पिवळी सोनकी आहे, किंवा आमरी, म्हणजे आपल्याकडे ऑर्किडला म्हणतात ते. कारवी पण सुंदर आहे, फक्त ती सात वर्षांनी एकदा फुलते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे काका-मामांचे जोक आयुष्यभर ऐकायची तयारी ठेवा.

दुसरी जागा म्हणजे आजीच्या मैत्रिणी. खरंच सांगते, कुमुद, नलिनी, सरोज, मालती, कुंदा ही नावं आज पाळण्यात जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे दुर्मिळ हवं म्हणून काहीतरी न समजणारं शोधण्यापेक्षा हे बरं. कुंद हे पांढरंशुभ्र फूल माघातलं, अमरकोशात (म्हणजे संस्कृत शब्दांच्या जुन्या कोशात) त्याला माघ्य असंच म्हटलंय, मग माघात जन्मलेल्या मुलीला कुंदा किंवा कुंदकळी का नको? सासूबाई म्हणतील जुनाट आहे, म्हणू देत.

तिसरी जागा हा अमरकोशच. घाबरू नका, सगळा वाचायचा नाही, दुसऱ्या कांडातला वनौषधिवर्ग, म्हणजे झाडा-वेलींच्या नावांचा भाग, तेवढा मराठी अर्थासकट चाळायचा, लायब्ररीत मिळतो. एकेका फुलाची चार-पाच नावं तिथे सलग दिलेली असतात. जुईचं नाव यूथिका, आणि जुई पिवळी असेल तर ती हेमपुष्पिका! माधवीच्या वेलीला वासंती आणि अतिमुक्त, यातलं अतिमुक्ता काय दणदणीत नाव होईल. जाईला सुमना. जवसाला अतसी (हे मात्र पुढच्या वैश्यवर्गात), त्याची निळी फुलं विदर्भात ज्यांच्या शेतावर असतात त्यांना वेगळं सांगायला नको. पण डोळे उघडे ठेवून निवडा बरं का, कारण यूथिकाच्याच ओळीत जुईचं आणखी एक नाव गणिका आहे आणि सुमनाच्या ओळीत जाईचं जाति. अर्थ शुद्ध फुलाचाच, पण शाळेत मुलीचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

आता चाळणी. चार-पाच नावं हातात आली की प्रत्येकाचं फूल प्रत्यक्ष बघून या, निदान फोटो तरी. कळलावीचं अग्निशिखा हे नाव ऐकायला जबरदस्त आहे पण झाड विषारी, कंद तर फारच. मला त्यात वाईट काही वाटत नाही, देखणं फूल आहे, कोणाला वाटत असेल तर आधीच कळलेलं बरं. केतकी शंकराला वाहत नाहीत, अबोलीला वास नसतो, अशा गोष्टी घरातलं कोणीतरी बारशाच्या दिवशी हमखास काढतंच. माझा नियम एकच, नाव अनोळखी चालेल पण फूल मुलीला हातात घेऊन दाखवता आलं पाहिजे. सौगंधिका छान आहे, भीमाने द्रौपदीसाठी आणलेलं फूल, पण उद्या तिने "दाखव" म्हटलं तर काय दाखवणार?

मग नाव मोठ्याने म्हणून बघा, नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं तिन्ही एकत्र, आणि गॅलरीतून हाक मारल्यासारखं पण. हेमपुष्पिकाची दोन दिवसांत हेमा होणार हे धरून चाला, ते चालत असेल तरच ठेवा. पत्रिकेतलं अक्षर आडवं आलं तर भांडू नका, जन्मनाव त्या अक्षराचं ठेवा आणि व्यवहारातलं तुमच्या आवडीचं, कित्येक घरांत असंच करतात, आत्याला कानात दोन्ही सांगायला लावा.

इंग्रजी स्पेलिंग मात्र बारशाआधीच कागदावर लिहून ठरवा. जाई लिहिलं की बाहेरचे लोक जय वाचतात आणि मुलगा समजतात. नेवाळीचा ळ इंग्रजीत ल होतो. यूथिकाला यू लिहायचा की डबल ओ, यावर आई-बाबांचं एकमत हवं, नाहीतर दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, मग पासपोर्टच्या वेळी अफिडेव्हिट करत बसा. आणि नाव ठरत नाहीये म्हणून जन्मनोंदणी लांबवू नका, ती 21 दिवसांत करायची असते, तेव्हा नावाचा रकाना रिकामा सोडता येतो आणि नंतर 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं. त्यापुढे लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत.