कुत्र्याचं गुरगुरणं बंद करायला निघालात? या चुका टाळा

आमचा बंड्या पहिल्यांदा गुरगुरला तो केरसुणीवर. वय अकरा महिने, जात गावठी, मुक्काम डायनिंग टेबलाखाली आणि पुढच्या दोन पायांत घट्ट धरलेली चघळायची कांडी. मावशी झाडत झाडत टेबलापाशी आल्या आणि खालून घशातल्या घशात बारीक आवाज आला. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या नाकावर हाणली. "घरच्यांवर गुरगुरतोस?" असं चार-पाच वेळा झाल्यावर आवाज बंद झाला. सगळे म्हणाले, सुधारला.

दिवाळीत माझा भाचा तीच कांडी उचलायला टेबलाखाली वाकला. या वेळी आवाजबिवाज काही नाही, थेट मनगटाला दात. हात नळाखाली धरून साबणानं १५ मिनिटं धुतला. शेजारून हळदीचा सल्ला आला, चुन्याचाही आला, दोन्ही ऐकले नाहीत. बंड्याला रेबीजची लस टोचलेली होती, तरी भाच्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. जखम उथळ होती, पण मला रात्रभर झोप लागली नाही. कांडी हिसकावली जाईल ही त्याची भीती जशीच्या तशी होती आणि ती बोलून दाखवायची नाही, एवढंच मी त्याला मारून शिकवलं होतं.

तेव्हा सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गुरगुरलं की मार, आरडाओरडा, तोंडावर पाण्याचा फवारा. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "जरा लांब राहा". त्याआधीही तो बरंच काही सांगून झालेला असतो. झोप नसताना जांभई देतो, नाकावरून जीभ फिरवतो, मान वळवतो. खाता खाता मध्येच थांबतो, अंग ताठ करतो आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागते. केंडल शेपर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी ही सगळी चढण एका शिडीच्या चित्रात मांडली आहे. जांभई तळाच्या पायरीवर, चावा सगळ्यात वर, त्याच्या खाली हवेत दात मारणं आणि त्याच्याही खाली गुरगुरणं. म्हणजे आवाज कानावर पडेपर्यंत कुत्रा बहुतेक पायऱ्या चढून आलेला असतो. मी नेमकी तीच पायरी उपटून टाकली होती.

मग त्या क्षणी करायचं काय? आहात तिथं थांबा. डोळ्याला डोळा भिडवू नका, वर वाकू नका, समजूत काढायला हात पुढे करू नका. अंग थोडं तिरपं करून सावकाश दोन-तीन पावलं मागे या. जवळ मूल असेल तर मुलाला बाजूला घ्या, कुत्र्याला पट्ट्याला धरून ओढायला जाऊ नका. वातावरण निवळलं की मोबाईलवर दोन ओळी टिपून ठेवा: त्याच्यासमोर काय होतं, कोण आलं, कुठल्या बाजूनं आलं, किती जवळ. आठवड्याभरात नोंदी एकाच दिशेला बोट दाखवायला लागतात. आमच्या नोंदींत कांडी आणि वरून येणारा हात, दुसरं काही नव्हतंच.

इथं हमखास कोणीतरी म्हणतं, "मागे हटलात? मग तो डोक्यावर बसणार. मालक कोण ते दाखवा." मला तर एकानं कुत्र्याला पाठीवर पाडून धरायला सांगितलं होतं. या सल्ल्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांची भांडणं पाहून १९४७ मध्ये जे लिहिलं, त्यातून कळपाच्या म्होरक्याची कल्पना रुजली. पुढे एल. डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. आणि घरातल्या कुत्र्यांचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये मालकांकडून माहिती घेतली. मारणं, पाठीवर पाडणं, रोखून बघणं, तोंडातली वस्तू जबरदस्तीनं काढणं, यांतला प्रत्येक उपाय ज्या कुत्र्यांवर झाला, त्यांतली निदान २५ टक्के कुत्री उलट अंगावर आली. खाताना ताटलीत हात घालून "सवय लावणं" मी याच माळेत धरतो. आपल्या ताटात रोज कोणी बोटं घातली तर आपण काय करू?

कांडी, हाड, ताटली यांवरून गुरगुरत असेल तर हिशेब उलटा करायचा. माणूस जवळ आला की काही जातं, हे त्याच्या डोक्यात बसलंय. माणूस जवळ आला की भर पडते, हे बसवायचं. बंड्या कांडी चघळत असताना मी आठ-दहा फुटांवरून जायचो, उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचो आणि न थांबता पुढे जायचो. तो ताठला तर मी फार जवळ आलोय, दुसऱ्या दिवशी आणखी लांबून. तीन आठवड्यांनी माझी चाहूल लागली की तो कांडी सोडून मान वर करायला लागला. घाई केली तर सगळं पहिल्यापासून, हे मी दोनदा भोगलंय. तोंडात खरंच धोक्याची वस्तू असेल, गोळ्यांचं पाकीट वगैरे, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला मूठभर चिकन उधळा आणि तो तिकडे गेला की ती उचला.

नोंदींचं बोट वस्तूकडे नसून स्पर्शाकडे असेल, तर आधी पशुवैद्य, ट्रेनर नंतर. शेजारचा नऊ वर्षांचा लॅब्राडॉर गाडीत चढवताना गुरगुरायला लागला, तेव्हा सगळ्यांनी म्हातारपणी खडूस झालाय असं ठरवून टाकलं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे झिजलेले निघाले. कान, दात, गोचीड ताप, काहीही असू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू-दिसायलाही कमी येतं, त्यामुळे झोपलेल्याला हात लावून उठवू नका, आधी हाक मारा.

याच्या उलटही एक चूक आहे, प्रत्येक गुरगुरण्याला घाबरण्याची. दोरी ओढताना बंड्या असा आवाज काढतो की खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले होते. पण अंग सैल, उड्या, मध्येच पुढचे पाय टेकून ढुंगण वर! कुत्र्यांना तरी यातला फरक चांगलाच कळतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये हाडाजवळ लपवलेल्या स्पीकरवरून निरनिराळी गुरगुर ऐकवली. "माझं अन्न आहे" या गुरगुरीला कुत्री हाडापासून मागे सरली, खेळातल्या गुरगुरीला तितकी नाही. आपण मात्र शेपटीवर जातो. ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपूट म्हणजे आनंद नव्हे.

घरातल्याच लहान मुलावर गुरगुरत असेल किंवा एकदा दात लागले असतील, तर मात्र घरगुती प्रयोग नकोत. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा आणि पशुवैद्यांना विचारून कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारं जाणतं माणूस गाठा. दंडुक्याची भाषा करणारा ट्रेनर असेल तर दारातूनच परत पाठवा.

बंड्या आता चार वर्षांचा आहे. कांडी गॅलरीत मिळते, मध्ये जाळीचं दार. कधी ते लावायचं राहून जातं, मावशी केरसुणी घेऊन पोचतात आणि जुना आवाज येतो. "बरं बाबा, तुझं होऊ दे," म्हणून त्या आधी स्वयंपाकघर झाडायला घेतात.