कंपनीचं वेलकम गिफ्ट म्हणजे पगारच, आधीच सांगून ठेवतो

गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला आलोय, काल होम मैदानावर पाळण्यापाशी गल्लीतली दोन पोरं भेटली, दोघं मार्चमध्ये नोकरीसाठी अमेरिकेत, टेक्सासातल्या डॅलसला चाललीत. पहिलाच प्रश्न काय, तर दादा, कंपनी पाच हजार डॉलर जॉइनिंग गिफ्ट देतीय, तिकडं १९ हजारापर्यंत गिफ्ट टॅक्स फ्री असतंय ना?

नाही रे बाबांनो. ते १९ हजारांचं लिमिट देणाऱ्याच्या गिफ्ट टॅक्सचं आहे, तुमच्या इन्कम टॅक्सशी त्याचा संबंध नाही. कंपनीकडून आलेला पैसा, मग पाकिटावर गिफ्ट लिहा नाहीतर आहेर लिहा, तो पगारातच धरतात. १९६० मध्ये ड्युबरस्टीन नावाच्या धंदेवाल्याची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली होती, गिऱ्हाइकं सुचवली म्हणून त्याला धंद्यातल्या ओळखीच्याने कॅडिलॅक गाडी दिली, आणि ती गाडीसुद्धा इन्कमच ठरली. पुढं १९८६ ला कायद्यातच टाकलं की मालकाने नोकराला दिलेल्याला गिफ्ट म्हणून सूट नाही. (मालक तुमचा बापच असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्यातल्या कुणाचं तेवढं नशीब?)

मी स्वतः २०१९ ला फसलो. मॅनेजरच्या मेलमध्ये वेलकम गिफ्ट ५,००० लिहिलेलं, मी त्या हिशोबाने गादी, टेबल, सगळं क्रेडिट कार्डवर उचललं, आणि पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या स्लिपवर, आले ३,५१७ डॉलर ५० सेंट. २२ टक्के फेडरल म्हणजे केंद्राचा टॅक्स, वर सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांचे मिळून ७.६५ टक्के. टेक्सासात स्टेट टॅक्स नाही म्हणून तेवढे तरी राहिले. दीड हजाराचा खड्डा भरायला दोन महिने लागले राव.

सामान हलवायचे पैसे मिळाले तरी तेच, २०१८ पासून तेही पगारात. पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्डसुद्धा. ख्रिसमसला एखादी साधी चादर वगैरे दिली तर चालतंय, किरकोळ वस्तू कुणी मोजत नाही, पण कॅश मोजतात. म्हणून ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरला मेलवरच विचारा, ही रक्कम हातात येणारी की टॅक्स कापायच्या आधीची? काही कंपन्या टॅक्स स्वतः भरतात, त्याला ग्रॉस-अप म्हणतात, पण विचारल्याशिवाय कोण सांगत नाही.

घरून बाबांनी पाठवले तर ते मात्र खरं गिफ्ट, टॅक्स नाही. वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेलं तर ३५२० नंबरचा फॉर्म तेवढा भरायचा.

आणि पुढच्या जानेवारीत डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म, हातात पडला की पहिला बॉक्स बघा, हे पाच हजार त्यात आधीच धरलेले असतात, रिटर्न भरताना परत वेगळे दाखवू नका.