रेव्हिटमध्ये जिन्याचं फिनिश करताय? या चुका टाळा

रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जिन्याचं मॉडेल झालं, थ्रीडीत ग्रॅनाइट मस्त चकाकतंय, सगळे खुश, आणि मग साईटवरून मिस्त्रीचा फोन येतो की साहेब पहिली पायरी बुटकी येतेय. माझ्या बाबतीत झालंय हे, म्हणून आधी तेच सांगतो.

आपण आरसीसीच्या पायऱ्या सगळ्या सारख्या काढतो आणि फरशी विसरतो. समजा मजल्याची उंची ३००० मिमी, रायझर (पायरीचा उभा भाग) २०, म्हणजे १५० चा एक. खालच्या-वरच्या मजल्याचं फ्लोअरिंग मसाल्यासकट ५० आणि पायरीवर ४०. आता आरसीसी सरसकट १५० ठेवलं तर फरशी बसल्यावर पहिली पायरी १४० ची आणि शेवटची १६० ची होते, चढताना पायाला लगेच कळतं. आरसीसीत पहिली १६०, शेवटची १४० आणि मधल्या सगळ्या १५० हव्यात.

म्हणून लेव्हल (मजल्यांच्या पातळ्या) फिनिशच्या, म्हणजे फरशी बसल्यानंतरच्या धरा, जिना फिनिश ते फिनिश काढा, रनच्या (पायऱ्यांच्या सलग रांगेच्या) टाइपमध्ये ट्रेड (पायरीवरची पाय ठेवायची आडवी फरशी) चालू करून जाडी ४० द्या. पण मग काँक्रीट खालच्या स्लॅबच्या ५० मिमी वर तरंगतं! त्यासाठी 'एक्स्टेंड बिलो रायझर बेस'मध्ये -५० टाका, मायनस विसरू नका. आणि सेक्शन कापून डायमेन्शन मारून बघाच, थ्रीडीवर विश्वास ठेवू नका.

दुसरी भानगड ट्रेड-रायझरच्या जोडाची. आपल्याकडे बऱ्याचदा वरच्या रायझरची पट्टी खालच्या ट्रेडवर उभी करतात, म्हणजे ट्रेड रायझरखाली जायला हवा, तो ऑप्शन रेव्हिटमध्ये आहे पण कोणी बघत नाही. २५० चा ट्रेड, २० चं नोझिंग (रायझरच्या पुढे आलेली ट्रेडची कड), १८ चा ग्रॅनाइट असेल तर दगड २८८ चा लागतो, उलटा जोड ठेवला तर २७० दिसतो आणि त्याच मापाने दगड कापून आला की बसा डोक्याला हात लावून.

वरच्या मजल्यावर एक ट्रेड जास्तीचा दिसतोय? 'एंड विथ रायझर' बंद असेल, चालू करा.

पायरी-पायरीची स्कर्टिंग (भिंतीलगतची पट्टी) हवी असेल तर जुगाड आहे, स्कर्टिंगच्या तुकड्याची बॅलस्टर (रेलिंगची उभी दांडी) फॅमिली, म्हणजे रेव्हिटचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक, करायची आणि रेलिंगमध्ये दर ट्रेडला एक बॅलस्टर लावायचा. दिसतं छान, फक्त रेलिंगच्या शेड्यूलमधून (मोजणीच्या तक्त्यातून) ते फिल्टर करा नाहीतर क्वांटिटी फुगते.

आणि ते नोझिंगजवळचे पाय घसरू नये म्हणून पाडलेले खाचे प्लीज मॉडेल करू नका, टूडी डिटेलमध्ये दाखवा.