हरित उद्योजक व्हायचे आहे? मग या चुका टाळा

पुण्यातील महाविद्यालयांत पर्यावरणपूरक व्यवसाय करण्याची इच्छा बोलून दाखवणारे विद्यार्थी सहज भेटतात. ती इच्छा पदवीनंतर बहुधा मागे पडते, आणि त्याचे कारण निसर्गाविषयीच्या आस्थेचा अभाव हे क्वचितच असते. समाजमानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी १९९१ मध्ये विस्ताराने मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार माणसाचा हेतू तीन गोष्टींतून घडतो: त्या कृतीविषयीचे मत, जवळच्यांची अपेक्षा आणि ती कृती आपल्याला जमेल हा विश्वास. आपण व्याख्याने आणि वृक्षारोपण यांतून पहिली गोष्टच पुन्हा पुन्हा बळकट करतो, ही मूळ चूक आहे. तिसरी गोष्ट स्वतः खरेदी-विक्री केल्याशिवाय येत नाही. म्हणून एखाद्या स्पर्धेसाठी व्यवसायाचा आराखडा लिहिण्याआधी वसतिगृहाच्या खानावळीतील ओल्या कचऱ्याचे थोडे खत करून ते एखाद्या रोपवाटिकेला विकून पाहावे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. सुका कचरा गोळा करणारे ॲप ही विद्यार्थ्यांची आवडती कल्पना आहे, परंतु पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी केलेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करते, आणि सुक्या कचऱ्यातील विकाऊ माल हा त्या कष्टकऱ्यांच्या उत्पन्नाचा भाग असतो. त्यांच्याशी न बोलता आखलेली योजना हरित असली तरी अन्यायकारक ठरू शकते. कोणते प्लास्टिक विकले जाते, कोणते पडून राहते आणि भिजलेल्या कागदाचा भाव किती उतरतो, हे कचरावेचक आणि भंगार दुकानदार यांच्याइतके नेमके कोणीही सांगणार नाही. जे पडून राहते, तिथेच नव्या उद्योगाला खरी जागा आहे.

विघटनशील पिशव्या विकण्याचा विचार असेल, तर कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होऊ शकणाऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र विक्रीपूर्वी लागते, हे आधीच जाणून घ्यावे. वेष्टनावर ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम लिहिणेही टाळावे, कारण दिशाभूल करणाऱ्या अशा दाव्यांविरुद्ध २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

घरच्यांचा विरोध असेल, तर त्यांच्यासमोर आदर्शांऐवजी तीन महिन्यांचा जमाखर्च आणि नोकरी कधी शोधायची याची ठरवलेली तारीख ठेवावी. त्यांची भीती बहुतेकदा याच दोन गोष्टींविषयी असते.