जुन्या अनरेग्युलेटेड सप्लायने गंज काढा
नागपूरच्या सीताबर्डीहून जुना 12 व्होल्टचा डीसी सप्लाय आणलात, तर आधी मेनच्या बाजूला 60 वॅटच्या फिलामेंटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. लोड नसताना मीटरवर 16-17 व्होल्ट दिसतील. तो बिघाड नव्हे, अनरेग्युलेटेड म्हणजे व्होल्टेज स्थिर न ठेवणारा सप्लाय असाच असतो. पण राउटर, एलईडी पट्टी त्यावर लावू नका, जळू शकतात.

गंज काढायला मात्र हा फारच कामाचा. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी, 50 ग्रॅम धुण्याचा सोडा. गंजलेला पाना निगेटिव्हला, साधी लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. स्टेनलेसची पट्टी कधीच नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून अंगणात, आगीपासून लांब. करंट सप्लायच्या रेटिंगच्या निम्मा ठेवा, वाढला तर पट्टी दूर सरकवा. कारण नागपूरच्या मे महिन्यात सप्लायमधला ट्रान्सफॉर्मर आधीच तापलेला असतो.